एबीएस, टाळेबंदी आणि ७० कोटी डॉलर: बेसबॉलच्या बातम्या वाचताना

डावखुरा

२०२६ च्या हंगामापासून एमएलबीत (अमेरिकेची मुख्य बेसबॉल लीग) बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला (चेंडू ठरलेल्या झोनमध्ये आला तर स्ट्राइक, नाही तर बॉल) आव्हान देता येतं. त्या यंत्रणेचं नाव एबीएस. त्यावर भरपूर छापून येतंय, पण मथळा बहुतेक ठिकाणी एकच: 'आता रोबो अंपायर'. हा मथळाच चुकीचा आहे आणि त्यामुळे वाचणाऱ्याची पुढची सगळी समजूत चुकते. म्हणून हा धागा. एबीएसपासून सुरू करतो, पण करार, दुखापती, टीव्हीचे हक्क यांच्या बातम्यांतही जिथे गफलत दिसते ते इथे लिहा. फक्त आकड्यानिशी लिहा.

नियम असा. प्लेटमागे (बॅटरजवळची जमिनीतली पाटी) माणूसच उभा असतो आणि प्रत्येक चेंडूचा निर्णय तोच देतो. प्रत्येक संघाला दोन आव्हानं मिळतात. आव्हान बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं, चुकलं तर गेलं. आव्हान फक्त तिघांपैकी कुणी देऊ शकतो: बॅटर, पिचर किंवा कॅचर. टोपीवर किंवा हेल्मेटवर हात मारायचा, तोही लगेच. डगआउटकडे (संघाच्या बाकांकडे) बघायचं नाही, मॅनेजरला विचारायचं नाही. बाहेरून इशारा आला असं अंपायरला वाटलं तर तो आव्हान नाकारू शकतो. सामना जादा इनिंगमध्ये गेला आणि संघाकडे एकही आव्हान उरलेलं नसेल, तर त्या इनिंगसाठी एक मिळतं.

रोबो अंपायर म्हणायचंच असेल तर कोरियाच्या केबीओ लीगला म्हणा. तिथे २०२४ पासून प्रत्येक चेंडूचा निर्णय यंत्रणा देते, तो अंपायरच्या कानातल्या यंत्रात ऐकू येतो आणि अंपायर फक्त तो जाहीर करतो. एमएलबीने दोन्ही पद्धती ट्रिपल-ए मध्ये (एमएलबीच्या लगेच खालची मायनर लीग) वापरून पाहिल्या, २०२३ मध्ये तर एकाच आठवड्यात दोन्ही, आणि मग आव्हानाची निवडली. २३ सप्टेंबर २०२५ ला खेळाडू, मालक आणि अंपायर यांच्या संयुक्त समितीने ती मंजूर केली.

नववी_इनिंग

चांगला धागा. यात भर म्हणजे स्ट्राइक झोनची व्याख्या. बातम्यांत 'नियमपुस्तकातला झोन यंत्राने मोजला' असं सर्रास लिहितात. तसं नाही, एबीएसचा झोन वेगळा आहे.

नियमपुस्तकातला झोन ही प्लेटच्या वरची घनाकृती आहे. प्लेट पाचकोनी, पुढून १७ इंच रुंद. चेंडू त्या घनाकृतीला कुठेही शिवला, पुढे किंवा मागे, तरी स्ट्राइक. उंचीची वरची हद्द खांदे आणि पँटचा वरचा काठ यांच्या मध्यावर, खालची गुडघ्याच्या वाटीखाली. ही हद्द बॅटर कसा उभा राहतो त्यावर बदलते.

एबीएसचा झोन सपाट चौकट आहे, प्लेटच्या बरोबर मध्यावर उभी केलेली, पुढच्या काठापासून ८.५ इंचांवर. रुंदी १७ इंचच. वरची हद्द बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्के, खालची २७ टक्के. तो किती वाकतो याचा संबंध नाही. म्हणून तर खेळाडूंची उंची बुटांशिवाय नव्याने मोजावी लागली.

यातून होतं काय, तर वरून खाली पडणारा कर्व्ह मध्यावरच्या चौकटीच्या वरून गेला पण प्लेटच्या मागच्या भागावर झोनला शिवला, तर पुस्तकाप्रमाणे स्ट्राइक आणि एबीएसप्रमाणे बॉल. अंपायरने स्ट्राइक दिला, यंत्राने उलटवला, की लगेच 'अंपायरची घोडचूक' अशी क्लिप फिरते. अंपायर त्याच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असू शकतो.

शॉर्टस्टॉप६

उंचीचं गणित मांडून ठेवतो, संदर्भाला बरं.

यांकीजचा बॅटर आरन जज ६ फूट ७ इंच, म्हणजे ७९ इंच धरला तर वरची हद्द ४२.३ इंच, खालची २१.३. होसे आल्तुवे ५ फूट ६ इंच, म्हणजे ६६ धरला तर वर ३५.३, खाली १७.८. चौकटीची उंची जजची साधारण २१ इंच, आल्तुवेची १७.५. जजला वर्षानुवर्षं गुडघ्याखालचे चेंडू स्ट्राइक दिले जातात ही चाहत्यांची तक्रार होती. आता त्याची खालची हद्द सव्वाएकवीस इंचांवर बांधलेली आहे.

आणखी एक, जे चौकटीकडे बघताना विसरलं जातं: चेंडूचा कुठलाही भाग चौकटीला शिवला की स्ट्राइक. चेंडूचा परीघ ९ ते सव्वानऊ इंच, म्हणजे व्यास सुमारे २.९ इंच. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा चेंडू धरला तर चेंडूच्या मध्यबिंदूला जवळपास २० इंचांची जागा मिळते. आलेखावरचा ठिपका रेषेबाहेर दिसतो आणि निर्णय स्ट्राइक येतो, त्यात गूढ काही नाही. ठिपका म्हणजे चेंडूचा मध्य.

बांद्र्याची_बुलपेन

क्रिकेट बघणारी मंडळी विचारतात म्हणून: हे डीआरएससारखंच ना? कॅमेऱ्यांची कंपनीही हॉक-आयच असं वाचलं. मग 'अंपायर्स कॉल' का नाही?

नववी_इनिंग

कंपनी तीच. २०२० पासून एमएलबीच्या मैदानांवर स्टॅटकास्टसाठी (चेंडू आणि खेळाडूंची मोजणी करणारी यंत्रणा) हॉक-आयचे १२-१२ कॅमेरे आहेत. पण काम वेगळं आहे. पायचीतमध्ये चेंडू पॅडला लागून थांबतो आणि तो पुढे स्टंपवर गेला असता का हे यंत्रणेला अंदाजाने काढावं लागतं. अंदाज जितका लांबचा तितकी चुकीची शक्यता जास्त, म्हणून तिथे अंपायर्स कॉलची पट्टी ठेवली आहे. इथे चेंडू प्लेटवरून प्रत्यक्ष जातो आणि त्यानंतर कॅचरच्या ग्लव्हमध्ये पोचतो. मोजणी झालेल्या मार्गाची असते, न झालेल्या मार्गाची नाही. म्हणून निकाल हो किंवा नाही.

मोजमापात सूक्ष्म चूक इथेही असणारच. त्यामुळे 'चेंडू केसाएवढा आत होता' यावर कुणी रकाने भरत असेल तर तो अचूकतेचा दाखला म्हणून वाचू नका. निर्णय एका ठरलेल्या रेषेवर झाला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा फरक वेळेचा. डीआरएसला थर्ड अंपायर, अल्ट्राएज, पायाची रेषा असं सगळं क्रमाने बघतात. २०२५ च्या वसंत सराव सामन्यांत एबीएसच्या एका आव्हानाला सरासरी १३.८ सेकंद लागले आणि एका सामन्यात सरासरी चार आव्हानं झाली. सगळं मिळून सामन्यात मिनिटभराची भर.

डावखुरा

त्याच चाचणीतले यशाचे आकडे बातम्यांत वाईट वापरले जातात. एकूण ५२.२ टक्के आव्हानं यशस्वी झाली. लगेच मथळा: 'अंपायर निम्म्याहून जास्त वेळा चूक'. अहो, आव्हान देतात ते संशयाच्या चेंडूंनाच. सामन्यात शेकडो चेंडू टाकले जातात, त्यातल्या चारांवर हरकत घेतली आणि दोन निघाले. त्यावरून अंपायरची एकूण अचूकता निघत नाही.

उलटीही गफलत होते. 'अंपायर ९४ टक्के बरोबर' हा आकडा फिरतो तेव्हा त्यात डोक्यावरून गेलेले आणि मातीत टप्पा पडलेले चेंडूही धरलेले असतात, जे कुणालाही बरोबर सांगता येतात. खरी परीक्षा काठावरच्या चेंडूंची. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांचा छेद वेगळा आहे आणि बातमीत छेद कधी लिहीत नाहीत.

त्या चाचणीतला खरा कामाचा भाग मागच्या पानावर गेला: कॅचरची आव्हानं ५६ टक्के बरोबर, बॅटरची ५०, पिचरची ४१. कारण सरळ आहे. कॅचर चेंडूच्या रेषेत बसलेला असतो. पिचर साठ फूट लांब, आणि चेंडू सोडल्यावर त्याचं शरीर एका बाजूला झुकलेलं. शिवाय आपला प्रत्येक चेंडू त्याला स्ट्राइकच वाटतो. म्हणून पिचरने आव्हान देण्याच्या भानगडीत पडू नये, हा शहाणपणाचा नियम.

पाचवा_बॅटर

कधी द्यायचं यावरही लिहा कुणीतरी. समालोचक 'आव्हान वाया घालवलं' एवढंच म्हणून सोडून देतात.

शॉर्टस्टॉप६

दोन गोष्टी तोलायच्या: निर्णय उलटल्यावर किती फरक पडतो, आणि आपली खात्री किती.

पहिल्या इनिंगचा पहिला चेंडू, कुणी बेसवर नाही: बॉलचा स्ट्राइक झाला तरी फरक किरकोळ. ३-२ च्या काउंटवर (तीन बॉल, दोन स्ट्राइक), दोन आउट, बेस भरलेले: तोच निर्णय वॉक (चौथा बॉल, बॅटरला फुकट बेस) किंवा स्ट्राइकआउट (तिसरा स्ट्राइक, बॅटर बाद) ठरवतो, म्हणजे एक रन आत किंवा इनिंग संपली. इथे पन्नास टक्के खात्री असली तरी आव्हान द्यावं. पहिल्या प्रसंगात जवळपास पूर्ण खात्रीशिवाय देऊ नये, कारण गमावलेलं आव्हान आठव्या इनिंगमध्ये लागेल.

२-१ आणि १-२ मधला फरकही मोठा असतो, तो प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. एकाच चेंडूने बॅटर वरचढ होतो किंवा कोंडीत सापडतो.

दोन्ही आव्हानं लवकर संपली तर नुकसान फक्त आव्हानांचं नाही. समोरच्या कॅचरला मग फ्रेमिंगची मोकळीक मिळते. काठाबाहेरचा चेंडू ग्लव्ह हळूच आत ओढून दाखवायचा, बॅटरकडे हत्यारच नाही. म्हणून 'फ्रेमिंगची कला संपली' हे मथळे घाईचे आहेत. पूर्ण एबीएस असतं तर संपली असती. दोन आव्हानांच्या पद्धतीत ती टिकते, फक्त तिची किंमत सामन्याच्या कोणत्या टप्प्यावर आहोत त्यावर ठरते.

रविवारची_डबलहेडर

माध्यमांच्या घाईचं उदाहरण म्हणून मार्च २०२५ च्या टॉर्पेडो बॅटचं प्रकरण पुन्हा वाचण्यासारखं आहे. २९ मार्चला यांकीजनी ब्रूअर्सविरुद्ध ९ होम रन मारले, सामना २०-९. पहिल्या तीन चेंडूंवर तीन होम रन. दोन दिवसांत साऱ्या जगाला कळलं की 'नव्या बॅटने खेळ बदलला', आणि निम्म्या चर्चेचा सूर बेकायदेशीर काहीतरी चाललंय असा होता.

त्या सामन्यात तीन होम रन एकट्या जजचे होते आणि तो जुन्याच आकाराची बॅट वापरत होता. बॅट नियमात बसणारी होती: नियम ३.०२ प्रमाणे जाडी जास्तीत जास्त २.६१ इंच, लांबी ४२ इंच, आणि अखंड लाकूड. टॉर्पेडोत लाकूड वाढवत नाहीत. टोकाचं थोडं काढून जिथे त्या खेळाडूचा चेंडू लागतो तिथे, म्हणजे मुठीच्या दिशेने, सरकवतात. ज्याचा चेंडू टोकाकडेच नीट लागतो त्याला त्याचा उपयोग नाही, तोटाच. ही कल्पना मांडणारे आरन लीनहार्ट आधी भौतिकशास्त्र शिकवत होते. आणि जियानकार्लो स्टँटनने तशी बॅट २०२४ मध्येच वापरली होती. नवीन होता तो फक्त गाजावाजा.

न्यूजर्सीकर

करारांच्या बातम्यांवर येऊ का? मराठी वर्तमानपत्रांत डॉजर्सच्या शोहेई ओहतानीचं '७० कोटी डॉलर' एवढंच छापून आलं होतं. वर्षाला ७ कोटी मिळतात असा सगळ्यांचा समज.

डावखुरा

हातात वर्षाला २० लाख डॉलर. डिसेंबर २०२३ चा करार, १० वर्षं. दरवर्षीच्या ७ कोटींतले ६ कोटी ८० लाख पुढे ढकललेले, बिनव्याजी, २०३४ ते २०४३ मध्ये मिळायचे. आजच्या किमतीत आणलं की लक्झरी टॅक्सच्या (संघाचा पगार ठरावीक पातळीवर गेला की लागणारा कर) हिशेबात ओहतानी वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखांचा धरला जातो.

शेजारी हुआन सोतो ठेवा. मेट्स, डिसेंबर २०२४, १५ वर्षं, ७६ कोटी ५० लाख, ढकललेलं काही नाही. टॅक्सच्या हिशेबात वर्षाला ५ कोटी १० लाख. म्हणजे वर्षाच्या छापील आकड्यात ओहतानी खूप पुढे, पण संघाच्या खात्यावर सोतो महाग. कराराची बातमी वाचताना चार गोष्टी शोधा: किती वर्षं, किती ढकललेले, साइनिंग बोनस किती, आणि बाहेर पडायची मुभा कुठल्या वर्षी. चारांपैकी दोन नसतील तर बातमी अर्धवट आहे.

'डॉजर्सनी पगारमर्यादा मोडली' हेही वाचलं. पगारमर्यादा बेसबॉलमध्ये नाहीच. टॅक्सची पातळी आहे, २०२६ साठी २४ कोटी ४० लाख डॉलर. त्यावर जा, कर भरा. सलग तिसऱ्या वर्षी गेलात आणि पातळीच्या ६ कोटींहून वर गेलात, तर त्या वरच्या प्रत्येक डॉलरमागे १ डॉलर १० सेंट कर. दंड जबर आहे, पण बंदी नाही.

बांद्र्याची_बुलपेन

आणि डिसेंबरमध्ये 'संप होणार' म्हणतात ते?

रविवारची_डबलहेडर

संप नाही, टाळेबंदी. गिरण्यांचा इतिहास असलेल्या भाषेत तरी हे दोन शब्द कुणी मिसळू नयेत. कामगार थांबले तर संप, मालकांनी दार लावलं तर टाळेबंदी. सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. तोवर नवा झाला नाही तर मालक टाळं लावण्याची शक्यता आहे, आणि वादाचा मुख्य मुद्दा तीच पगारमर्यादा, जी मालकांतल्या अनेकांना हवी आहे आणि खेळाडूंची संघटना कायम नाकारत आली आहे.

मागच्या वेळी २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२, ९९ दिवस टाळेबंदी होती. वेळापत्रक पुढे सरकलं, पण १६२ सामने पूर्ण झाले. १९९४ चा मात्र संप होता: १२ ऑगस्टला खेळ थांबला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच (अंतिम मालिका) झाली नाही. बातमीत शब्द चुकला की दोष कुणाचा हेच उलटं होतं.

टाळेबंदीत काय बंद पडतं तेही लक्षात ठेवा. ४० जणांच्या रोस्टरवरच्या (संघाच्या मुख्य यादीतल्या) खेळाडूंचे सौदे आणि करार थांबतात, संघाच्या डॉक्टरशीही त्यांना बोलता येत नाही. रोस्टरबाहेरचे मायनर लीगचे खेळाडू सरावाला जातात. २०२२ मध्ये तेच झालं.

नववी_इनिंग

सौद्यांच्या हंगामात 'करार झाला' ही बातमी कधी खरी धरायची, हेही सांगून ठेवायला हवं. पहिल्या बातमीचा अर्थ असतो: तोंडी जमलं, वैद्यकीय तपासणी बाकी. कार्लोस कोरियाचं डिसेंबर २०२२ मध्ये जायंट्सशी १३ वर्षं ३५ कोटींना जमलं, तपासणीत घोट्याच्या जुन्या शस्त्रक्रियेवर अडलं. मग मेट्सशी १२ वर्षं ३१ कोटी ५० लाखांना जमलं, तिथेही तेच. शेवटी जानेवारीत ट्विन्सकडे ६ वर्षं २० कोटी.

आणि ८ डिसेंबर २०२३ ला ओहतानी टोरंटोच्या विमानात आहे म्हणून दिवसभर लोक विमानाचा माग काढत बसले. विमानात कॅनडाचा एक उद्योजक होता. दुसऱ्या दिवशी ओहतानीने स्वतः डॉजर्सचं नाव जाहीर केलं.

एक साधी खूण: संघाचा ४० जणांचा रोस्टर भरलेला असेल तर नवा खेळाडू अधिकृत होताना कुणाला तरी काढावं लागतं. ते काढणं जाहीर झालं नसेल तर करारही अजून अधिकृत नाही.

पाचवा_बॅटर

त्यालाच डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) म्हणतात ना? मराठीत 'हाकललं' लिहितात.

नववी_इनिंग

हाकललं नाही. ४० मधून लगेच नाव जातं आणि संघाकडे सात दिवस असतात: सौदा करा, वेव्हर्सवर टाका (म्हणजे इतर संघांना तो घेण्याची संधी द्या) किंवा सोडून द्या. वेव्हर्सवर कुणी घेतलं नाही तर तोच खेळाडू त्याच संघाच्या ट्रिपल-ए मध्ये दिसू शकतो.

दुखापतीच्या यादीचंही तसंच. बॅटरला १० दिवस, पिचरला १५. पण ६० दिवसांच्या यादीत टाकलं की ४० मधली जागा मोकळी होते. म्हणून 'दुखापत गंभीर, ६० दिवसांवर हलवलं' अशी बातमी आली की त्याच दिवशी कुणाला घेतलं ते बघा. बऱ्याचदा जागा हवी असते, दुखणं तेवढंच असतं.

न्यूजर्सीकर

शेवटचा प्रश्न, सगळ्यांच्या सोयीचा: या वर्षी सामने नक्की कुठे दिसतात? घरोघरी गोंधळ आहे.

शॉर्टस्टॉप६

नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२६ ते २०२८ साठी नवी वाटणी झाली. रविवार रात्रीचा सामना आणि वाइल्ड कार्ड फेरी (बाद फेऱ्यांतली पहिली) एनबीसी व पीकॉककडे. हंगामाचा पहिला सामना आणि होम रन डर्बी नेटफ्लिक्सकडे. ईएसपीएनने रविवार सोडला, पण एमएलबी.टीव्हीची (सामने ऑनलाइन दाखवणारी सेवा) विक्री तिच्याकडे आली. शुक्रवार ॲपलकडे आहेच. ऑल-स्टार आणि वर्ल्ड सिरीज फॉक्सकडेच. सगळे मोठे करार २०२८ लाच संपतात, ते मुद्दाम, म्हणजे पुढची विक्री एकत्र करता येईल.

ब्लॅकआउटचा नियम, म्हणजे स्थानिक संघांचे सामने बंद ठेवण्याचा, तुमच्या पत्त्यावरून लागतो. उत्तर न्यूजर्सीत यांकीज आणि मेट्स दोन्ही 'स्थानिक', म्हणून एमएलबी.टीव्हीच्या साध्या वर्गणीत दोघांचे सामने थेट दिसत नाहीत. त्यांच्या स्थानिक वाहिन्या वेगळ्या घ्याव्या लागतात. आयोवातल्या लोकांचं याहून कठीण, त्यांना सहा संघ स्थानिक धरले आहेत आणि राज्यात एमएलबीचा संघ एकही नाही. वर्गणी भरण्याआधी साइटवर पिनकोड टाकून बघा, कुठले संघ बंद आहेत ते तिथेच कळतं.

महाराष्ट्रातून बघणाऱ्यांसाठी उन्हाळ्यातली वेळ: न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७.०५ चा सामना आपल्याकडे पहाटे ४.३५ ला, लॉस एंजेलिसचा ७.१० चा सकाळी ७.४० ला. न्यूयॉर्कचे दुपारी १.०५ चे सामने रात्री १०.३५ ला येतात, ते सगळ्यात सोयीचे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं आणि सगळं एक तास पुढे जातं, पण तोवर वर्ल्ड सिरीज बहुतेक संपलेली असते.